मुलांची सायंकाळ आणि मोबाईल

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षास किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावे, असे सांगितले आहे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण २२० दिवस व १००० तास असे आहे. या ८०० तासांत भाषा, गणित, परिसर अभ्यास, खेळ, गाणी, चित्रे असे सर्व काही बसवावयाचे असते, आणि ते बसविताना शिक्षकाची किती ओढाताण होते हे या पुस्तिकेच्या वाचकांस सांगावयास नको. आता दुसरा एक हिशेब पाहावा. जे मूल रोज दोन तास मोबाईलच्या पडद्यापुढे बसते, त्याचे वर्षाचे ७३० तास तेथे जातात. पडद्याला रविवार नसतो, दिवाळीची सुटी नसते. उलट सुटीच्या दिवशी हे तास वाढतात. म्हणजे आपल्या शाळेस समांतर अशी दुसरी एक शाळा मुलाच्या तळहातावर भरू लागली आहे. तिचा काळ जवळजवळ आपल्या शाळेइतकाच आहे. तिचा अभ्यासक्रम कोणी ठरविला हे मात्र पालकास ठाऊक नाही आणि शिक्षकासही ठाऊक नाही.

‘आभासी जग’ हा शब्द आता वृत्तपत्रांतून रूढ झाला आहे. जे डोळ्यांना दिसते व कानांना ऐकू येते, परंतु ज्यास हात लावता येत नाही, ज्याचा वास येत नाही आणि जे आपल्या गावात घडत नसते, त्या साऱ्यास हे नाव दिले जाते. पडद्यावरील खेळ, चित्रफिती, दूरच्या माणसांशी चालणारे संभाषण हे सर्व त्यात येते. मोबाईलला ‘भ्रमणध्वनी’ असा चांगला मराठी शब्द आहे. परंतु तो उच्चारला तर तिसरीतले मूल वळूनही पाहणार नाही, म्हणून या लेखात मोबाईल असेच म्हटले आहे. हे यंत्र वाईट आहे असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. आपल्या नांदेड जिल्ह्यातील व शेजारच्या लातूर जिल्ह्यातील मुलाची सायंकाळ, म्हणजे शाळा सुटल्यापासून निजेपर्यंतचे चार-पाच तास, कोणाच्या हाती असावी आणि तीत शिक्षकाने कोठवर लक्ष घालावे, एवढाच विचार कर्तव्य आहे.

ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणारा ‘असर’ हा अहवाल शिक्षकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ८२ टक्के जणांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. त्यांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता; समाजमाध्यमांसाठी वापरणारांचे प्रमाण मात्र सुमारे ७६ टक्के होते. ही मुले आपल्या प्राथमिक शाळांतून नुकतीच बाहेर पडलेली आहेत. त्यांचा हात पडद्यावर बसला तो चौदाव्या वर्षी नव्हे, तर बराच आधी, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हे यंत्र घरात कसे आले

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. पाचवीपासून पुढचे वर्ग मध्यंतरी काही काळ उघडले व पुन्हा बंद पडले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग मात्र १ डिसेंबर २०२१ पासून भरू लागले. जून २०२० मध्ये पहिलीत ज्याचे नाव घातले, ते मूल वर्गात प्रथम नीट बसले तेव्हा त्याच्या दुसरीचे निम्मे वर्ष सरले होते. या काळात राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास मोबाईलवरून धाडला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली गेली. शिक्षकांनी पालकांचे व्हॉट्सॲप गट केले. कित्येकांनी पारावर व मंदिराच्या ओसरीवर मुलांना अंतराअंतराने बसवून शिकविले. त्या वेळी हे सर्व आवश्यकच होते, आणि ते झाले नसते तर मुलांचे याहून अधिक नुकसान झाले असते.

परंतु त्याचा एक परिणाम मागे राहिला. अनेक घरांत तोवर साधा, बटणांचा मोबाईल होता. शाळेचा अभ्यास येतो म्हणून कोणी उसनवारीने, कोणी हप्त्याने स्मार्टफोन घेतला. दिवसभर तो बापाच्या खिशात रानात असे, आणि बाप सायंकाळी घरी आला म्हणजे तो मुलाच्या हाती पडे. सायंकाळ, मोबाईल व अभ्यास या तीन गोष्टींची पालकांच्या मनात अशी एक गाठ बसली. आज शाळा रोज भरते. फळा आहे, पुस्तक आहे, शिक्षक समोर उभा आहे. तरीही मूल मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसले आणि “काय करतूस रे?” या प्रश्नास “अभ्यास” एवढे उत्तर आले की आईचे समाधान होते. जिला स्वतःस वाचता येत नाही, तिने पडद्यावर काय चालले आहे हे ओळखावे तरी कसे?

ही गाठ शाळेच्या निमित्ताने बसली, म्हणून ती शाळेच्याच शब्दाने लवकर सुटेल. पालकसभेत शिक्षकाने स्पष्टपणे सांगावे की, आमच्या वर्गाचा गृहपाठ आता मोबाईलवर नाही. गृहपाठ फळ्यावर लिहावा व मुलांकडून वहीत उतरवून घ्यावा. पालकांच्या गटावर सुटीची, लसीकरणाची, पालकसभेची सूचना जावी. ‘पान ३२ वरील प्रश्न सोडवा’ असे तेथे जाऊ नये. कारण तो एक संदेश पाहण्यासाठी मोबाईल मुलाच्या हाती जातो, आणि संदेश वाचून झाला तरी मोबाईल काही परत येत नाही.

मोबाईलवरून शिकविण्यास येथे बंदी सुचविलेली नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांस मिळाला, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. असे कोड बालभारतीच्या पुस्तकांतही आले. कोड दाखविला, कविता ऐकली, मोबाईल ठेवून दिला, असा तो वापर आहे. त्याला आरंभ आहे व शेवटही आहे. नेमका हा शेवटच इतर वापरात हरवतो.

न संपणारा खेळ

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा आपल्या मुलांना ठाऊक असते. घोडे, गाढवे, उंच पाळणे, तमाशाचे फड, खेळण्यांची दुकाने, यांत मूल हरखून जाते. तेही एका अर्थी रोजच्या जगाहून वेगळेच जग होय. परंतु पाळणा पाच मिनिटांनी थांबतो, फडाचा खेळ संपतो, खिशातले पैसे संपतात, आणि चार-पाच दिवसांनी यात्राच उठते. मोबाईलमधील यात्रा उठत नाही. एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी पुढे येऊन उभी राहते; बोटाने पान वर सारावे तो नवे पान खालून येतच राहते, त्यास तळ नाही. मुलाने काय पाहिले, कोठे थांबले, काय अर्धवट सोडले याची नोंद यंत्र ठेवते आणि पुढच्या वेळी त्याच जातीचे आणखी काही समोर मांडते. मूल जितका वेळ पाहील तितक्या जाहिराती दिसतात, आणि त्या जाहिरातींचे पैसे कंपनीला मिळतात. येथे विकली जाणारी वस्तू म्हणजे मुलाचा वेळ होय. ही गोष्ट पाचवीच्या मुलांना सरळ शब्दांत सांगितली तर ती चांगली समजते; आपणास कोणी फसवीत आहे हे कळले की त्या वयाची मुले फार सावध होतात.

म्हणून “सोड तो मोबाईल” म्हणताच मूल उठत नाही, यात सर्वस्वी मुलाचाच हट्टीपणा असतो असे नाही. जे कधी संपूच नये अशा बेताने बांधले आहे, ते दहा वर्षांच्या मुलाने आपण होऊन संपवावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे. घरातील मोठी माणसे तरी रात्री ते कोठे संपवितात?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पहिल्या वर्षात बालकास पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या बालकास दिवसास एक तासाहून अधिक नको, कमी असेल तितके चांगले, असे त्यांत म्हटले आहे. अंगणवाडीतील बालकास जेवू घालताना समोर मोबाईल लावून ठेवण्याची रीत आता खेड्यांतही आली आहे. अंगणवाडी सेविकांशी बोलताना ही सूचना त्यांच्या कानावर अवश्य घालावी. याच संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून पडद्यावरील खेळांच्या विकाराचा समावेश आहे. मात्र त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपुढे खेळच येणे, नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, आणि हे साधारणतः वर्षभर चालू राहणे. तेव्हा तासभर खेळणाऱ्या मुलास शिक्षकाने चारचौघांत ‘व्यसनी’ म्हणणे अगदी गैर आहे. शब्द चिकटतो, आणि मग मूल त्या शब्दाप्रमाणे वागू लागते.

इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या माध्यमांच्या स्वतःच्याच नियमांनुसार तेरा वर्षांखालील मुलास तेथे खाते उघडता येत नाही. म्हणजे आपल्या पहिली ते पाचवीच्या कोणत्याही मुलाचे तेथे स्वतःचे खाते असावयास नको. असेल तर जन्मवर्ष खोटे लिहिलेले असते, व बहुधा ते घरातीलच एखाद्या मोठ्याने लिहिलेले असते. ऑस्ट्रेलियाने तर ही मर्यादा कायद्याने सोळा वर्षांवर नेली. तो कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अंमलात आला आहे.

भोंग्याची गावे

या प्रश्नावर आपल्याच राज्यातील काही गावांनी जो मार्ग काढला तो अभ्यासण्याजोगा आहे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. करोनानंतर शाळा उघडल्या तरी मुलांचे अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये या गावाने एक नेम घालून घेतला. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद करावयाचे आणि मुलांनी पुस्तके उघडावयाची. ८.३० ला दुसरा भोंगा होईपर्यंत हा दीड तास पाळावयाचा. आरंभी लोकांना हे हसण्यासारखे वाटले. तेव्हा अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक घरोघर समजावीत फिरले. त्याच वर्षी लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीने सायंकाळी ६ ते ८ असे दोन तास ठरविले. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये वेगळी वाट धरली; अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावरच तिने बंदी ठरविली.

या दोन वाटांत फरक आहे. बंदी फक्त मुलांना लागू होते. भोंगा सर्वांना लागू होतो. आमच्या मते भोंग्याची खरी शक्ती त्याच्या आवाजात नसून, बाप व आजोबाही त्या वेळी मोबाईल खाली ठेवतात यात आहे. ज्या घरात बाप चित्रफिती पाहत पडला आहे आणि मूल तेवढे पुस्तकापुढे बसविले आहे, त्या घरात मुलाचे डोळे पुस्तकावर असले तरी कान पलीकडेच असतात. दुसरे असे की, दीड तास ही मर्यादा पाळता येण्याजोगी आहे. पूर्ण बंदी पाळणे अवघड, आणि न पाळल्या जाणाऱ्या नियमाने मुलांना नियम मोडण्याचेच शिक्षण मिळते.

परंतु भोंगा रिकामी जागा करून देतो, ती भरून देत नाही. मोबाईल बंद झाला, आता मुलाने काय करावयाचे? ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही आणि आईबापांचे शिक्षण झालेले नाही, तेथे सात ते साडेआठ हा काळ फार लांब होतो. पहिले चार दिवस मूल धडा वाचते. पाचव्या दिवशी त्याला जांभया येऊ लागतात. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या गावाने असा नेम घेण्याचे मनात आणले, तर सरपंचाने भोंगा बसवावा हे ठीकच. त्या दीड तासात मुलाच्या हाती काय असेल याचा विचार मात्र शिक्षकानेच आधी केला पाहिजे. शाळेच्या ग्रंथपेटीतील पुस्तके कुलपात ठेवण्यापेक्षा फाटून परत आली तरी चालतील. पुस्तके कमी असतील तर आठवड्यास एक याप्रमाणे घराघरांत फिरवावीत. पुढे जे पाठ सुचविले आहेत, तेही याच वेळेसाठी आहेत.

पलीकडे कोण आहे

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. मुखेड, कंधार, लोहा आणि तिकडे अहमदपूर, जळकोट या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. काही पुणे, मुंबई, हैदराबाद येथे बांधकामावर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पावसाळा सरला की टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडी परतते. यांतील काही मुले आईबापांबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावीच राहतात, तर काही आजीजवळ. या मुलाच्या सायंकाळी मोबाईल वाजतो तो खेळासाठी नव्हे. दिवसभर फडात राबून आई कोपीवर आलेली असते, आणि निजण्यापूर्वी तिला लेकराचे तोंड पाहावयाचे असते. व्याख्येप्रमाणे पाहू गेल्यास हेही आभासी जगच; आई तेथे नसते, तिला हात लावता येत नाही. परंतु या पाच-सात मिनिटांत त्या मुलास जे मिळते ते त्याच्या प्रत्यक्ष जगातील सर्वांत मोठे धन आहे.

म्हणून मुलाने किती मिनिटे मोबाईल पाहिला एवढ्याच मापाने मोजून भागणार नाही. पलीकडे कोण आहे, आणि हे केव्हा संपणार आहे, असे दोन प्रश्न विचारले म्हणजे बरेचसे उत्तर मिळते. ज्या गावातून माणसे बाहेर गेली आहेत, त्या गावाने सायंकाळचा नेम करताना बाहेरगावच्या आईबापांच्या बोलण्यास मोकळीक ठेवावी. हे ग्रामसभेत शिक्षकाने आवर्जून सांगावे. आजीला मोबाईल लावता येत नसेल तर शेजारच्या सातवी-आठवीच्या मुलीने तो लावून द्यावा. या बोलण्याचा शिक्षणासही उपयोग होतो. “जेवलास का, अभ्यास केलास का” एवढे विचारून झाल्यावर पुष्कळदा दोघांनाही पुढे काय बोलावे ते सुचत नाही. अशा मुलास शिक्षकाने सांगावे, ‘आज वाचलेला उतारा आईला वाचून दाखव.’ ज्या मुलास वर्गात मोठ्याने वाचावयाचा संकोच वाटतो, ते आईसाठी तोच उतारा चार वेळा तयार करते. आईच्या वाट्यासही लेकराच्या वाढीतील काहीतरी येते.

लातूर शहरात अकरावी-बारावीसाठी बाहेरगावची जी हजारो मुले खोल्या घेऊन राहतात, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न मोठ्या रूपात उभा असतो. मोबाईलवरच शिकवणी, त्यावरच घर आणि त्यावरच मोह. तो प्राथमिक शाळेच्या कक्षेबाहेरचा विषय आहे. इतकेच म्हणता येईल की, त्या खोलीत एकटे बसून मोबाईल बंद करण्याची शक्ती सतराव्या वर्षी अचानक येत नाही.

वर्गात घ्यावयाचे पाठ

पहिला पाठ गणिताचा, चौथी-पाचवीसाठी. मुलांनी आठ दिवस एका कागदावर रोज रात्री तीन आकडे लिहावे: किती मिनिटे बाहेर खेळलो, किती मिनिटे घरातील माणसांशी बोललो अथवा कामात हात लावला, किती मिनिटे पडदा पाहिला. कागदावर नाव लिहू नये. आठव्या दिवशी सर्व कागद एकत्र करून मुलांकडूनच बेरीज, सरासरी व स्तंभालेख करून घ्यावा. मिनिटांचे तास, आठवड्याचे वर्ष, आणि वर्षाचे तास ८०० या आकड्याशेजारी मांडावे. या लेखाच्या आरंभी जो हिशेब आला तो मुलांना आयता सांगू नये. तो त्यांच्या पेन्सिलीतून निघाला पाहिजे. येथे एक दक्षता हवी: आकडा मोठा आला म्हणून कोणास रागावू नये. एकदा रागावले की दुसऱ्या आठवड्यापासून सर्वांचे आकडे आदर्श येऊ लागतात आणि पाठ वाया जातो.

दुसरा पाठ परिसर अभ्यासाचा. मार्गशीर्षातील अमावस्येस लातुरात व आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, साजरी होते. रानात कडब्याची कोप उभारून पूजा करतात; आंबिल, भज्जी, उंडे, खीर यांच्या दुरड्या डोक्यावर घेऊन घरची-दारची माणसे शेतावर जातात, आणि त्या दिवशी गावे व बाजारपेठा ओस पडतात. मुले तर जाणारच असतात. त्यांना आधीच्या शनिवारी एक काम द्यावे. हरभऱ्याचे चित्र पुस्तकात अथवा मोबाईलवर पाहून त्याविषयी जे सांगता येईल ते पाच वाक्यांत लिहावे. मग येळवशीच्या दिवशी सकाळी, दव असताना, हरभऱ्याच्या पाल्यावरून हात फिरवून बोट जिभेला लावावे आणि परत आल्यावर पुन्हा पाच वाक्ये लिहावी. पाल्यावरील बारीक लवेतून आंबट आम्ल पाझरते. त्यासच शेतकरी आंब म्हणतात, आणि रात्री पिकावर स्वच्छ कापड पसरून ती धरतात. ही चव कोणत्याही पडद्यावर येत नाही. शेजारच्या ज्वारीच्या ताटाची पेरे मोजावी, करडईचा काटा कोठे असतो ते पाहावे. दोन्ही वेळच्या वाक्यांची तुलना वर्गात मुलांनीच करावी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी प्रथम बोर्डी व पुढे कोसबाड येथे खडे, शिंपले, पाने, बिया यांनाच शिक्षणाची साधने केले, कारण महागडी साधने खेड्यात परवडण्यासारखी नव्हती. आज साधन स्वस्त झाले आहे आणि खड्या-पानांकडे पाहण्याचा निवांतपणा महाग झाला आहे, एवढाच काय तो फरक.

या पाठाचे छायाचित्र काढून वर पाठवावे लागेलच. ते काढावे, परंतु शेवटी काढावे. प्रारंभीच मुलांना रांगेत उभे करून हरभऱ्यास हात लावल्याचे चित्र घेतले, तर हरभरा चाखावयाचा राहून जातो. वृक्षारोपणाचेही असेच होते. चित्र निघाले की रोपास पाणी घालावयाचे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

तिसरा पाठ सायंकाळचा आहे आणि तो माणसांवाचून पुरा होत नाही. मुलाने आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारावा व उत्तर वहीत लिहून आणावे. लातूर जिल्ह्यात तसेच आपल्या जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपाविषयी विचारता येईल: तुम्ही त्या वेळी कोठे होता, प्रथम काय जाणवले, दिवस उजाडल्यावर काय केले? देगलूर-बिलोलीकडे तेलुगू व उदगीर-निलंग्याकडे कन्नड घराघरांत मिसळलेली आहे. तेथे आजीच्या बोलण्यातील असे दहा शब्द गोळा करावे. गावातील शेतांची नावे, जुन्या विहिरींची खोली, बंद पडलेला आठवडी बाजार, असे विषय शिक्षकास सुचतील तितके आहेत. भूकंपात ज्यांच्या घरची माणसे गेली त्या घरी मात्र हा प्रश्न मुलाबरोबर पाठवू नये.

या पाठाचा उत्तरार्ध मोबाईलवरच व्हावा. मुलांनी वह्या आणल्यावर शिक्षकाने वर्गात मोबाईल उघडून त्याच भूकंपाची माहिती सर्वांदेखत शोधावी. मोबाईल सांगेल की त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आजी सांगेल की गणपती विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे अंगावर आली. दोन्ही खरे आहे. कोणते कोणास ठाऊक नव्हते, आणि दोहोंत कोठे विसंगती दिसते, हे मुलांना शोधू द्यावे. एखाद्या चित्रफितीत भलतेच काही सांगितलेले आढळले तर फारच चांगले; पडद्यावरचे तपासून घ्यावे लागते हा धडा तेथे आपोआप मिळतो.

या तीन पाठांसाठी वेगळा तास मागावा लागणार नाही. पहिली ते आठवीसाठी शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमात ते सहज बसतात.

पाठ घेताना एखाद्या मुलाच्या कागदावरून अथवा बोलण्यावरून निराळेच काही ध्यानात येईल. कोणी अनोळखी माणूस त्याच्याशी मोबाईलवर बोलत असेल, छायाचित्रे मागत असेल, किंवा खेळाच्या नादात घरच्या खात्यातून पैसे गेले असतील. अशा वेळी वर्गात चर्चा करू नये. मुख्याध्यापकांस सांगून पालकांस एकट्यास बोलवावे. मुलांच्या संकटासाठी १०९८, पैशांच्या फसवणुकीसाठी १९३०, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे शासनाचे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. ते कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

स्तंभालेख व मुलांच्या वह्यांतील निवडक पाने केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस बरोबर आणावी. कोणत्या गावी मुलांचा कोणता वेळ पडद्यापुढे अधिक जातो हे एकत्र पाहिले, तर पुढचे पाठ त्या बेताने आखता येतील. ज्या शाळांस येळवशीच्या सुमारास हरभऱ्याचा पाठ घेता आला नाही, त्यांनी घाटे भरेपर्यंतचा कोणताही शनिवार धरावा. दव असते तोवर, म्हणजे सकाळी नऊच्या आत, रानात पोहोचावे, आणि शेतमालकास आदल्या दिवशी विचारून ठेवावे.